एवढे गार्सिया आले कुठून?

बार्सिलोना आणि रिआल माद्रिद यांचा सामना होता. भाचा मोबाइलवर दोन्ही संघांच्या याद्या चाळत होता आणि एकदम म्हणाला, "मामा, हे चौघे भाऊ आहेत का?" बार्सिलोनात एरिक गार्सिया आणि जोआन गार्सिया. रिआल माद्रिदमध्ये फ्रान गार्सिया आणि गोन्झालो गार्सिया. चौघेही स्पेनचे, आणि एकमेकांचे कुणीही नाहीत.

"मग आपल्यासारखे पाटील समजायचे का?" असं त्याने विचारलं. उत्तर अर्धं बरोबर होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आधी आकडा

स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेकडे आडनावांची मोजदाद असते. तिच्यानुसार पहिलं आडनाव गार्सिया असलेले लोक साडेचौदा लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या तीन टक्के. (पहिलं आडनाव म्हणजे काय, ते पुढे येईलच.) तीस मुलांच्या वर्गात सरासरी एक गार्सिया असतोच म्हणा ना. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरचे रॉड्रिगेझ आणि गोन्झालेझ नऊ लाखांच्या घरात आहेत. पहिला आणि दुसरा यांच्यात एवढं अंतर का, हाच खरा प्रश्न.

उच्चाराचं आत्ताच सांगून टाकतो. माद्रिदकडे हे नाव 'गार्थिया' असं ऐकू येतं, तर दक्षिण स्पेनच्या बऱ्याच भागात आणि सगळ्या लॅटिन अमेरिकेत 'गार्सिया'. आपल्याकडे दुसरा उच्चार रुळला आहे, तोच ठेवू.

पेशव्यांची नावं आठवा

बाळाजी विश्वनाथ. त्यांचे चिरंजीव बाजीराव बल्लाळ. त्यांचे चिरंजीव बाळाजी बाजीराव. आडनाव सगळ्यांचं भट, पण इतिहासात ते कुणी घेत नाही. माणूस ओळखला जातो स्वतःच्या आणि बापाच्या नावाने. यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, नातवाला आजोबांचं नाव मिळालं. दोन, 'बाळाजी' हे नाव मधल्या जागी गेलं की त्याचं 'बल्लाळ' झालं, म्हणजे जागा बदलली तसं रूपही बदललं.

आता स्पेनच्या उत्तरेला, पिरेनीज पर्वताच्या कुशीतल्या पाम्प्लोना राज्यात जाऊ. हेच राज्य पुढे नावारे म्हणून ओळखलं गेलं. तिथे इ.स. ९०५ मध्ये गादीवर आला सांचो गार्सेस, म्हणजे गार्सियाचा मुलगा सांचो. त्याचा मुलगा गार्सिया सांचेझ, म्हणजे सांचोचा मुलगा गार्सिया. त्याचा मुलगा पुन्हा सांचो गार्सेस आणि त्याचा पुन्हा गार्सिया सांचेझ. १०७६ पर्यंत बापलेकांच्या सात पिढ्या अशाच चालल्या, एकाआड एक सांचो आणि गार्सिया. परीक्षेला हा वंश लावला तर मुलं शाळा सोडतील.

तर गार्सिया हे मुळात आडनावच नव्हतं. ते पाळण्यातलं नाव होतं, आपल्या गणपत किंवा पांडुरंगसारखं. बापाच्या नावावरून तयार होणाऱ्या नावाला पितृनाम म्हणतात. स्पॅनिशमध्ये ते बहुतेक वेळा शेवटी 'एझ' लावून होई. रोद्रिगोचा तो रॉड्रिगेझ, फर्नांदोचा फर्नांदेझ, मार्टिनचा मार्टिनेझ, लोपेचा लोपेझ, सांचोचा सांचेझ. हा 'एझ' कुठून आला यावर भाषातज्ज्ञांचं एकमत नाही. काही जण लॅटिनमधल्या षष्ठीच्या प्रत्ययाकडे बोट दाखवतात. त्याचं काम मात्र आपल्या 'चा'चंच होतं.

हे पितृनाम दर पिढीला बदलायचं, हे ध्यानात ठेवा. स्पेनचा लोककथांतला मोठा योद्धा एल सिद, मृत्यू १०९९, त्याचं खरं नाव रोद्रिगो दियाझ, म्हणजे दिएगोचा मुलगा रोद्रिगो. बापाचं नाव दिएगो लाइनेझ, लाइनचा मुलगा दिएगो. एल सिदच्या मुलाचं नाव दिएगो रॉड्रिगेझ. एकाच घरातल्या तीन पिढ्या आणि तीन वेगळी 'आडनावं'. आपल्या मधल्या नावाचं नेमकं असंच असतं. माझ्या मधल्या जागी माझे वडील आहेत, माझ्या मुलाच्या मधल्या जागी मी आहे.

मग ते गोठलं

कल्पना करा की शंभर वर्षांपूर्वी सरकारने फर्मान काढलं: आज तुमच्या मधल्या जागी जे नाव आहे तेच तुमचं आडनाव. ते मुलाचं, नातवाचं, पणतवाचं तेच राहील. ज्यांचे वडील त्या दिवशी गणपतराव होते ते सगळे 'गणपत' घराणे. आज महाराष्ट्रात लाखो गणपत आडनावाचे लोक असते आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसता.

स्पेनमध्ये घडलं ते हेच, फक्त एका दिवसात आणि एका फर्मानाने नाही. जमीनजुमला असलेल्या घराण्यांनी आधी सुरुवात केली, कारण वारसा सिद्ध करायला न बदलणारं नाव सोयीचं. मग टोलेडोचे आर्चबिशप सिस्नेरोस यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायला लावल्या, आणि १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर ही पद्धत सगळ्या कॅथलिक मुलखात पसरली. वहीत एकदा नाव चढलं की ते बदलणं कठीण, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

तरी बराच काळ ढिलाई होतीच. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असत, आजीकडून इस्टेट येणार असेल तर आजीचं आडनाव लावलं जाई. सतराव्या शतकातला चित्रकार वेलाझ्केझ याचे वडील रॉड्रिगेझ, पण जग त्याला आईच्या आडनावाने ओळखतं. सरकारी शिक्का बसला १८७० च्या नागरी नोंदणी कायद्याने. तो १८७१ पासून लागू झाला, आणि वडिलांचं एक व आईचं एक अशी दोन आडनावं ही रीत पक्की झाली.

गंमत अशी की नाव आडनावात गोठलं आणि पाळण्यातून उठलं. आज स्पेनमध्ये लाखो लोक गार्सिया आहेत, पण मुलाचं नाव 'गार्सिया' ठेवलेलं कुठे भेटणार नाही.

पण मग गार्सियाच का? सांचो, फर्नांदो काय कमी होते?

शंका रास्त आहे. पहिलं कारण राजांचं. नावारेतल्या त्या साखळीखेरीज लिऑनला गार्सिया नावाचा राजा झाला, गॅलिसियाला झाला, कास्तीलमध्ये त्या नावाचे सरदार झाले. राजाचं नाव प्रजेत उतरतं. आडनावं गोठण्याआधीच्या काही शतकांत उत्तर स्पेनमध्ये हे नाव गल्लोगल्ली होतं.

दुसरं कारण स्थलांतराचं. दक्षिण स्पेन तेव्हा मुस्लिम सत्तांच्या ताब्यात होता. उत्तरेतली ख्रिस्ती राज्यं हळूहळू खाली सरकत गेली. टोलेडो १०८५ मध्ये पडलं, सेव्हिल १२४८ मध्ये, ग्रानाडा १४९२ मध्ये. प्रत्येक वेळी जिंकलेल्या मुलखात उत्तरेतून माणसं नेऊन वसवली गेली. ती आपली नावंही घेऊन गेली. म्हणून गार्सिया कुठल्या एका खोऱ्याचं आडनाव राहिलं नाही.

तिसरं कारण मला सगळ्यांत मजेदार वाटतं, आणि निवडणुका पाहणाऱ्या मराठी माणसाला ते चटकन समजेल. मतविभागणी! मार्टिन या नावाची मतं 'मार्टिनेझ' आणि नुसतं 'मार्टिन' अशा दोन उमेदवारांत फुटली. दोन्ही आजच्या पहिल्या दहांत आहेत आणि दोघांची बेरीज केली तर ती गार्सियाच्या बरीच जवळ जाते. रोद्रिगोची मतं 'रॉड्रिगेझ' आणि त्याचंच आखूड रूप 'रुइझ' यांत गेली. फर्नांदोची 'फर्नांदेझ' आणि 'हर्नांदेझ' यांत. गार्सियाचं 'गार्सेस' हे रूप होतं, पण ते फारसं चाललं नाही. बहुतेकांनी बापाचं नाव जसंच्या तसं लावलं आणि सगळी मतं एकाच पेटीत पडली. स्पेनमधल्या पहिल्या नऊ आडनावांत 'एझ' न लागलेलं गार्सिया हे एकटंच आहे, हे उगाच नाही.

त्यावर काळाचा हिशेबही चालतो. आडनाव बापाकडून मुलाला जात असेल तर ज्या घरात मुलगा नाही तिथे ते थांबतं. ज्याची दहाच घरं आहेत ते आडनाव दोन-चार पिढ्यांत पुसलं जाऊ शकतं, दहा हजार घरं असलेल्याला काही होत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी या प्रश्नाचं गणित मांडलं. पुढे तेच गणित अणूंच्या साखळी प्रक्रियेपर्यंत वापरात आलं, पण तो वेगळा विषय.

'गार्सिया म्हणजे अस्वल', असं कुठेतरी वाचलं होतं

मीही वाचलं होतं. हे नाव जिथे पहिल्यांदा दिसतं तो भाग बास्क लोकांचा शेजार. बास्क भाषा युरोपातली एकटी पडलेली भाषा आहे, तिचं स्पॅनिशशी, फ्रेंचशी किंवा जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. तिच्यात अस्वलाला 'हार्त्झ' म्हणतात. गार्सिया त्यावरून आलं असं काही अभ्यासक मानतात. दुसरा पक्ष म्हणतो, ते तरुण या अर्थाच्या 'गाझ्ते' या बास्क शब्दापासून आलं. वाद मिटलेला नाही. बास्क मूळ असण्याची शक्यता मोठी, एवढं धरून चाला.

आणि समजा अस्वल असलं तरी काय? आपल्याकडच्या वाघ आडनावाच्या माणसाला आपण पिंजऱ्यात ठेवत नाही. दहाव्या शतकातल्या आईबापांनी मुलाचं नाव गार्सिया ठेवलं ते राजाचं किंवा आजोबांचं म्हणून. अर्थ तोपर्यंत कधीच झिजून गेला असणार.

दोन आडनावांची भानगड

टेनिसपटू राफेल नदालचं पूर्ण नाव राफेल नदाल परेरा. कार्लोस अल्काराझचं कार्लोस अल्काराझ गार्फिया. यातलं पहिलं आडनाव वडिलांचं, दुसरं आईचं. आईचं म्हणजे आईच्या वडिलांचं, हे खरं. स्त्रीचं आडनाव इथेही दुसऱ्या पिढीपलीकडे सहसा टिकत नाही. लग्नानंतर मात्र स्पॅनिश बाई आडनाव बदलत नाही. आपल्याकडे लग्न झालं की मधलं आणि शेवटचं अशी दोन्ही नावं बदलायची आणि मग बँकेपासून पासपोर्टपर्यंत चकरा मारायच्या. त्या मानाने त्यांचं बरं.

दोन आडनावांचा खरा उपयोग गार्सियांसारख्या गर्दीतल्या लोकांना होतो. नुसतं 'गार्सिया' म्हटलं तर रस्त्यावरची दहा डोकी वळतील, म्हणून दुसरं आडनाव ओळख देतं. कवी फेदेरिको गार्सिया लोर्काला सगळे 'लोर्का' म्हणतात, ते आईचं आडनाव. चित्रकार पाब्लो रुइझ पिकासोचंही तसंच. स्पेनचे माजी पंतप्रधान रॉड्रिगेझ झापातेरो नुसते 'झापातेरो' झाले. कोलंबियाच्या नोबेल विजेत्या कादंबरीकाराला मराठीत आपण 'मार्केझ' म्हणतो. त्यांचं आडनाव 'गार्सिया मार्केझ' आहे, ग्रंथालयात ते 'ग'खाली सापडायला हवेत. कित्येक मराठी याद्यांत ते 'म'खाली सापडतात, तेव्हा दोन्हीकडे शोधा.

आईवडील दोघेही गार्सिया असतील तर? तर मूल 'गार्सिया गार्सिया'. स्पेनमध्ये असे लोक पाऊण लाखाच्या आसपास आहेत आणि ते चुलतभावंडांची लग्नं झाली म्हणून नव्हे. गर्दीच एवढी आहे की होतं.

वडिलांचंच आडनाव आधी का, हा प्रश्न तिथेही विचारला गेला. २००० पासून आईचं आडनाव आधी लावायची मुभा मिळाली. २०१० मध्ये आईबापांचं एकमत नसेल तर वर्णानुक्रमाने ठरवू, असा प्रस्ताव आला आणि मोठा गदारोळ उडाला. वर्णमालेच्या शेवटी येणाऱ्या आडनावांनी काय घोडं मारलं होतं? तो प्रस्ताव मागे पडला. ३० जून २०१७ पासून वडिलांच्या आडनावाला आपोआप मिळणारा अग्रमान गेला. आईबापांनी ठरवायचं, नाही ठरलं तर नोंदणी अधिकारी ठरवतो. अजूनही बहुतेक घरांत वडिलांचंच आधी लागतं. आपल्याकडे १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र सरकारने लागू केला. तेव्हा इथेही घराघरांत हीच चर्चा झाली होती.

जगभरातले गार्सिया मग स्पॅनिश रक्ताचे?

बिलकुल नाही. अमेरिका खंडात स्पॅनिश सत्ता गेली तिथे बाप्तिस्मा घेणाऱ्या मूलनिवासींना आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांना पाद्र्याचं, धर्मपित्याचं किंवा मालकाचं आडनाव मिळे. ज्या आडनावाचे मालक जास्त, ते आडनाव जास्त. पुढे तिथून माणसं उत्तरेकडे सरकली. अमेरिकेच्या जनगणनेत गार्सिया १९९० मध्ये अठराव्या क्रमांकावर होतं, २००० मध्ये आठव्या आणि २०१० मध्ये स्मिथ, जॉन्सन, विल्यम्स, ब्राऊन, जोन्स यांच्या पाठोपाठ सहाव्या. तेव्हा ती संख्या ११ लाख ६६ हजारांवर पोचली होती.

फिलिपिन्सची कथा तर सरकारी कारभाराचा नमुना आहे. तिथे बरेच लोक आडनावच लावत नसत, आणि लावणारे 'दे ला क्रूझ', 'दे लोस सांतोस' अशी धार्मिक नावं लावत. कर कुणाचा भरला, कुणाचा राहिला, काही कळेना. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया यांनी हुकूम काढला. सुमारे ६१ हजार आडनावांची वर्णानुक्रमे यादी छापली आणि तिची पानं गावोगावी वाटली. ज्या गावाला जे पान, त्या गावाची ती आडनावं. अल्बाय प्रांतातल्या ओआस गावात म्हणूनच आजही 'र'ने सुरू होणाऱ्या आडनावांची दाटी आहे. रेशनच्या दुकानात आज गहू आलाय, उद्या तांदूळ, तशी आडनावं आली म्हणायची. चार पिढ्या जुनं आडनाव दाखवू शकणाऱ्यांना तेवढी सूट होती. १९५७ ते १९६१ या काळात फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष होते कार्लोस पी. गार्सिया. तिथल्या रीतीप्रमाणे मधल्या 'पी'मध्ये त्यांच्या आईचं आडनाव दडलं आहे.

आणि आपले फर्नांडिस, रॉड्रिग्ज?

गोव्यात आणि वसईत फर्नांडिस, लोपिस, गोन्साल्विस, मेंडिस, डायस घराघरांत आहेत. ही त्याच झाडाची पोर्तुगीज फांदी. स्पॅनिश 'एझ'चं पोर्तुगीजमध्ये 'एस' होतं, आपल्या जिभेवर 'इस'. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, तो फर्नांदो कोण हे मात्र वसईच्या कुठल्याच फर्नांडिसला सांगता येणार नाही, कारण तो त्यांच्या वंशात कधी नव्हताच. बाप्तिस्म्याच्या वेळी आडनाव आलं, कुळ इथलंच राहिलं. सगळ्याच पोर्तुगीज आडनावांत बाप शोधू नका मात्र. परेरा म्हणजे नासपतीचं झाड, आणि डिसोझा हे पोर्तुगालमधल्या सोझा नदीच्या मुलखावरून आलेलं.

आडनावावरून धर्म तरी कळतो का?

१४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व द्यायचा कायदा २०१५ मध्ये झाला. त्याच्या आदल्या वर्षीच इंटरनेटवर आडनावांच्या लांबलचक याद्या फिरू लागल्या: तुमचं आडनाव यात असेल तर तुम्ही ज्यू वंशाचे, पासपोर्ट मिळणार! सरकारला आणि तिथल्या ज्यू संघटनेला सांगावं लागलं की अशी कुठलीही अधिकृत यादी नाही. असणार कशी? धर्म बदलायला भाग पडलेली माणसं आडनाव घेताना गर्दीत मिसळून जाणारंच घेणार.

याचा सगळ्यांत बोलका दाखला आपल्या दाराशी आहे. सोळाव्या शतकात गोव्यात तीन नामांकित गार्सिया येऊन गेले आणि तिघांचंही ते पाळण्यातलं नाव होतं, आडनाव नव्हे. दोघे पोर्तुगीजांचे सत्ताधीश, गार्सिया दे नोरोन्हा आणि गार्सिया दे सा. तिसरा वैद्य, गार्सिया द ऑर्ता. त्याचे आईवडील स्पेनमधून पळून पोर्तुगालला आलेले ज्यू, तिथे त्यांना ख्रिस्ती व्हावं लागलं. मुलाचं नाव त्यांनी नावारेच्या राजांचं ठेवलं, याहून ख्रिस्ती नाव कुठलं असणार! तो १५३४ मध्ये गोव्यात आला. मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, घरात गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं कबरीतून उकरून जाळण्यात आली.

पणजीत चर्चसमोरच्या चौकातली बाग आज त्याच्या नावाने आहे. भाच्याला पुढच्या वेळी तिथे नेणार आहे. पाटीवरचा गार्सिया पाहून तो पहिला प्रश्न काय विचारेल, हे मला ठाऊक आहे: "हा कुठल्या संघातला?"